विहिरीतला पिंपळ

पारोळ्याहून धुळ्याच्या रस्त्याला लागलं की शेवटची घरं मागे पडल्यावर डाव्या हाताला घेवरचंद सेठची बाग यायची. अडीच बिघ्यांत पेरू, लिंबू, एका कडेला केळी, घरासमोर मोगरा आणि जाई, आणि रस्त्याकडच्या वाफ्यांत ऋतूप्रमाणे झेंडू नाहीतर शेवंती. सेठचं दुकान जळगावला होतं आणि तो राहायचाही तिकडेच. बागेतल्या घरात त्याची म्हातारी आई हीराबाई एकटी राहायची. बागेचं सगळं काम यशोदाबाई आणि तिचा नवरा हिलाल या माळी जोडप्याकडे होतं. हिलालचे स्वतःचे दोन बैल होते, तो मोट हाकायचा. खुरपणं, छाटणं, लावणं, तोडणं हे यशोदेचं. एकुलती मुलगी अमळनेरला दिलेली, त्यामुळे दोघांचा सगळा दिवस बागेतच जायचा.

ही बाग सेठच्या धाकट्या भावानं, भंवरलालनं हौसेनं लावली होती. लिंबाचं एकेक रोप त्यानं आपल्या हातानं लावलेलं. लग्न ठरलं आणि पंधरा दिवसांत विषमज्वरानं तो गेला. त्याच पावसाळ्यात विहिरीच्या बांधकामात, काठापासून चार हात खाली, दोन दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप उगवलं. हीराबाईनं ते पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं की पोरानं जागा सोडलेली नाही. मग ती जळगावला परत गेलीच नाही. दर शनिवारी सकाळी ती विहिरीच्या काठावर बसायची आणि तांब्यातलं पाणी धार धरून खाली पिंपळावर सोडायची.

एकोणीसशे चौतीस सालच्या कार्तिकात यशोदा शेवंतीला काड्यांचा आधार देत होती. एका सकाळी सुतळी भिजवायला ती विहिरीवर गेली आणि सहज खाली वाकली. पिंपळ आता चांगला हातभर झाला होता. त्याच्या बुडाजवळचा दगड बाकीच्या दगडांच्या ओळीतून दोन बोटं पुढे आला होता.

तिनं हिलालला बोलावून दाखवलं.

"दगडच शे तो," हिलाल म्हणाला. "कोठे जाई?"

"पुढे ई ऱ्हायना तो."

"तुले दिससच भलतं." आणि तो बैलांकडे गेला.

पण यशोदेनं त्या दिवसापासून सवयच लावून घेतली. मार्गशीर्षात पेरू पिकायला लागले, पोपटांना हाकलत ती दिवसभर डबा वाजवत फिरायची, पण दिवसातून एकदा विहिरीत डोकावायची. दगडांच्या सांध्यांतला चुना भुरभुरत होता. पिंपळ सुकायच्या दिवसांतही हिरवागार होता. त्याचं मूळ दगडांच्या मागे कुठे आणि किती गेलंय हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि तेच तिला खटकायचं. माळ्याच्या बाईला झाडाचं वर दिसतं त्याहून खालचं जास्त समजतं.

पौषात लिंबाला ताण द्यायचा. महिनाभर पाणी तोडायचं, झाड तहानेनं पान गाळतं, मग माघात खत घालून पाणी सोडलं की फुलानं लगडतं. मोट बंद असते, विहीर शांत असते. सेठ हवापालट म्हणून चार दिवस बागेत आला होता. यशोदेनं ती वेळ साधली. गावातल्या झिपरू गवंड्याला तिनं बोलावून आणलं. झिपरू साठीचा, अर्ध्या पारोळ्याच्या विहिरी त्यानं बांधलेल्या. तो विहिरीत उतरायच्या दगडी टप्प्यांवरून खाली गेला, पिंपळाच्या बुडाला बोटं लावली, आजूबाजूच्या दगडांवर हातोडीनं ठोकून पाहिलं. वर आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता.

"आते बोटएवढा शे," तो यशोदेला म्हणाला. "दोन वरीसमा मांडीएवढा व्हई. मंग हीर तुमनी नही, त्यानी."

"कापी टाका ते?"

"नुसता कापीसन भागत नही. दुप्पट फुटस. मुईमा हिंग भरना पडस, तवय ती मरस. आनि मुई मरनी का महिनाभरमा ती जागा उकलीसन चुना भरना पडस. नही ते मुई कुजस, आनि दगडस्ना मांगे पोकय ऱ्हाई जास. मंग पिंपय ऱ्हाता तेच बरं, असं व्हस."

घेवरचंद सेठ ओसरीवर बसून हे ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता. विहीर पडली तर बाग जाईल हे त्याला कळत होतं. त्यानं आत पाहिलं. दारात हीराबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"यशोदा," ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "त्याच्या पानाला हात लावलास तर माझ्या भंवरच्या अंगाला हात लावलास असं समज."

सेठनं मान खाली घातली. "झिपरू, दुसरा काही उपाय असेल तर सांग. माँ आहे तोवर त्या झाडाला कोणी हात लावणार नाही."

"दुसरा उपाय नही सेठजी," झिपरू म्हणाला आणि हातोडी पिशवीत टाकून निघून गेला.

घरी हिलालनं यशोदेवर राग काढला. देवाचं झाड, त्यात मेलेल्या माणसाचा जीव गुंतलेला, आणि ही गवंडी बोलावते! "देवना झाडले मी हात लावाव नही आनि तुले लावू देवाव नही," तो म्हणाला. यशोदा भाकरी थापत राहिली. वाद घालून झाड मरत नाही हे तिला ठाऊक होतं.

माघात लिंबांना शेणखत घातलं, आळी केली, पाणी सोडलं. मोट पुन्हा सुरू झाली. विहिरीच्या काठावर मोटेचा चौथरा होता, त्यावर चाक. आणि तिथून लांब उतरत जाणारी धाव. बैल धावेवरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची आणि थारोळ्यात, पाटाच्या तोंडाशी असलेल्या दगडी कुंडात, रिकामी व्हायची. मग हिलाल बैलांना मागे सरकवत वर काठापर्यंत आणायचा आणि मोट पुन्हा खाली जायची. असं दिवसातून शेदोनशे वेळा. पिंपळ या चौथऱ्याच्या उजव्या अंगाला, जेमतेम तीन हातांवर होता. मोट भरून वर येऊ लागली की चौथऱ्याचे दगड कण्हल्यासारखे वाजायचे. यशोदा वाफ्यात बसून तो आवाज ऐकायची आणि खुरपं थांबवायची. पूर्वी तो आवाज होता की नव्हता, हे तिला आठवेना.

फाल्गुनात पानगळ झाली. पाला गोळा करून खड्ड्यात टाकायचा, वर शेण-माती, वर पाणी. पिंपळाची जुनी पानं विहिरीच्या पाण्यावर पडून तरंगत होती. ती काढायला यशोदा टप्पे उतरून गेली तेव्हा सांध्यात तिचा अख्खा तळहात मावला. आत ओलसर गारवा होता, आणि बोटांना काहीतरी जाड, मऊ सालीचं लागलं. कोपरापेक्षा जाड. तिनं झटक्यात हात काढला.

चैत्रात मोगरा फुलला. पहाटे तोडलेल्या कळ्यांचे गजरे हीराबाई पारोळ्याच्या देवळात पाठवायची, आणि एक गजरा दर शनिवारी विहिरीत सोडायची. नव्या पालवीनं पिंपळ तांबूस झाला होता. म्हातारी काठावर बसून त्याच्याशी मारवाडीत बोलायची. लिंबं किती लागली, पेरूला कीड कशी पडली, बारीकसारीक सगळं. यशोदेला त्या वेळी तिची कीव यायची. पण वैशाखात पाणी खाली गेलं, तशी विहिरीची उघडी भिंत दिसू लागली, आणि पिंपळाच्या खालच्या भिंतीला पोट आलेलं तिला लांबूनही दिसू लागलं.

ज्येष्ठात विहिरीचा गाळ काढायचा असतो. पाणी तळाला गेलेलं, मृग तोंडावर आलेला. गावातली सात-आठ माणसं लावली. खालून टोपल्या भरायच्या, दोरानं वर ओढायच्या, आणि तो काळा गाळ केळींना घालायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळी माणसं निंबाखाली भाकरी खायला बसली. हिलाल बैलांना पाणी पाजायला ओढ्यावर गेला. हीराबाई घरात आडवी झाली होती.

यशोदेनं पदरात हिंगाची पुडी सकाळपासून बांधलेली होती. कधी वेळ मिळेल हे तिला ठाऊक नव्हतं, मिळाली तर करायचं एवढंच ठरलं होतं. ती टप्प्यांवरून खाली उतरली. एक हात दगडाला, एका हातात कोयता. दोन घावांत बुडखा तुटला. पांढरा चीक भळकन बाहेर आला आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिनं लोखंडी सळईनं मुळात जेवढं खोल भोक पाडता येईल तेवढं पाडलं, सगळी पुडी त्यात कोंबली आणि वर ओल्या गाळाचा लपका मारला. तोडलेलं झाड टोपलीत आडवं घातलं, त्यावर गाळ भरला, आणि ती टोपली तिनं दुसऱ्या कुणाला न देता स्वतःच्या डोक्यावर वाहून केळींच्या खड्ड्यात रिकामी केली. हात धुतले. माणसांत येऊन बसली. भाकरी तिनं तशीच परत फडक्यात बांधली, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिचा बेत साधा होता. मूळ मरायला महिना लागेल. तोवर म्हातारी रडेल, रागवेल, मग निवेल. मग झिपरूला बोलावून जागा भरून घ्यायची.

शनिवारी हीराबाई तांब्या घेऊन विहिरीवर गेली. ती ओरडली नाही. बराच वेळ खाली वाकून पाहत राहिली, आणि मग तिथेच जमिनीवर बसली. दोन दिवस तिनं अन्नाला शिवायचं नाकारलं. जळगावहून सेठ धावत आला. गाळ काढणाऱ्या सगळ्यांना त्यानं अंगणात उभं केलं, एकेकाला विचारलं. प्रत्येकानं तुळशीवर हात ठेवून नाही म्हटलं. हिलालनं नाही म्हटलं आणि ते खरं होतं. यशोदेची पाळी आली तेव्हा सेठ तिच्याकडे बघून म्हणाला, "तू तर बाई माणूस. तू कुठली उतरशील," आणि पुढे गेला. तिला खोटं बोलावंही लागलं नाही.

शेवटी संशय आला तो झिपरूवर. पौषात त्यानंच कापायचं बोलून दाखवलं होतं. तो गाळ काढायच्या दिवसांत एकदा बागेवरून गेला होता एवढंच निमित्त पुरलं. सेठनं निरोप पाठवला: पुन्हा या बागेत पाय ठेवायचा नाही.

यशोदा त्या दिवशी लिंबांची आळी खणत होती. निरोप घेऊन जाणारा गडी तिच्या समोरून गेला. तिनं त्याला थांबवलं नाही. विहिरीतली ती जागा भरू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याची वाट तिच्या गप्प बसण्यानं बंद झाली होती.

आषाढ लागला. जाईच्या फांद्या जमिनीत दाबून कलमं करायची, झेंडूचं बी गादीवाफ्यावर टाकायचं, पेरूच्या खोडांना चुना-गेरू लावायचा. कामाला अंत नव्हता आणि यशोदा गड्यासारखी राबत होती, कारण काम थांबलं की विहीर आठवायची. बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगापाशी तिला झिपरू भेटला. त्यानं तिच्याकडे पाहिलं. बोलणार नाही असं तिला वाटलं. पण तो जवळ आला आणि हळूच म्हणाला,

"जागा भरी का?"

तिनं मान हलवली. नाही.

झिपरूनं जागा का भरली नाही हे विचारलं नाही, आणि आपल्यावर आळ आला त्याबद्दलही चकार शब्द काढला नाही. "मंग दखा बाई," तो म्हणाला, "पानी पडनं का माती फुगी. पान्यानंतर ऊन पडनं का माती बसी. तवय मोट हाकू नका." आणि मिरच्या न घेताच निघून गेला.

श्रावणात झेंडूची रोपं वाफ्यात लावली. रोज खुरपणी, रोज बेल-फुलं. एका दुपारी ती विहिरीजवळच्या वाफ्यात होती, आणि पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. डुबुक. बेडूक असेल. थोड्या वेळानं पुन्हा. ती उठून बघायला गेली तर पाण्यावर वर्तुळं पसरत होती, आणि पिंपळाच्या जागी काळं भोक दिसत होतं, नारळ मावेल एवढं. तिथून एक धामण अर्धी बाहेर येऊन उन्हाला लोंबली होती. म्हणजे आत तिला राहायला जागा होती.

यशोदेनं चिकणमाती मळली, त्यात विटेचे तुकडे घातले, आणि तीन दिवस वेळ मिळेल तसे ते गोळे त्या भोकात कोंबले. हात खांद्यापर्यंत आत जायचा आणि समोर काही लागायचं नाही. भाद्रपदात चार दिवस झड लागली आणि ती सगळी माती धुऊन पाण्यात गेली. विहीर भोकाच्या हातभर खालपर्यंत भरली. पाणी गढूळ झालं, तांबडट काळं. हीराबाई अजूनही दर शनिवारी यायची. ती म्हणायची, मुळाला पाणी मिळालं तर फुटेल. "पिंपळ असा मरत नाही," ती यशोदेला सांगायची. "बघ तू. फुटेल." ती पाणी सोडायची ते सरळ त्या भोकात जायचं.

एकदा यशोदेच्या ओठांवर आलं होतं. सांगून टाकावं. पण म्हातारी पुन्हा भोकाकडे वाकली, आणि यशोदा वाफ्याकडे परत गेली.

भाद्रपदाच्या शेवटी पाऊस एकदम थांबला. ऊन असं तापलं की आठवड्यात वाफ्यांतली माती फुटली. झेंडू कळ्यांनी भरला होता. दसरा दहा दिवसांवर, त्यानंतर बालाजीचा रथ; अर्ध्या गावाला या बागेतला झेंडू जायचा. रोपं दुपारी माना टाकू लागली. हिलालनं चार महिने टांगलेली मोट खाली काढली, तेल लावून कातडं मऊ केलं, मोट ओढायचा नाडा तपासला.

"दोन दिन थांबा," यशोदा म्हणाली.

"झेंडू थांबी का?"

"घागरनी पानी घालसू मी."

हिलाल हसला. "इतला झेंडूले? घागरनी?" मग तिचं तोंड बघून तो थोडा मऊ पडला. "काय व्हयनं तुले?"

तिनं त्याला विहिरीच्या काठावर नेलं. चौथऱ्यापासून तीन हातांवर जमिनीत एक भेग होती, काठाला समांतर, कोयरीसारखी वळत गेलेली.

"कायी जमीन शे," हिलाल म्हणाला. "आश्विनमा फाटसच. बठ्ठा वाफा फाटेल शेतस, त्या नही दिसनात तुले?"

हे खरंच होतं. भेगा सगळीकडे होत्या. पण बाकीच्या भेगा वेड्यावाकड्या होत्या आणि ही एक विहिरीभोवती वळत होती. तिच्या तोंडाशी आलं की मी तो पिंपळ कापला, आत पोकळ आहे. पण हिलालनं आयुष्यात कधी पिंपळाचं वाळलेलं पानही पायाखाली तुडवलं नव्हतं. ती फावडं घेऊन पाटाकडे गेली. मोट सुरू झाली.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. यशोदेनं त्या भेगेत एक काडी उभी खोचून ठेवली होती. पहिल्या संध्याकाळी काडी घट्ट होती. दुसऱ्या संध्याकाळी ती आत पडून गेली होती.

तिसरा दिवस शनिवारचा. सूर्य कासराभर वर आला होता. यशोदा झेंडूच्या शेवटच्या वाफ्यात पाणी वळवत होती. पाटातून येणारं पाणी स्वच्छ होतं, मग गढूळ झालं. तिनं ओंजळीत घेऊन पाहिलं. बोटांना कच लागली. भिजलेला जुना चुना होता तो, पांढरा, दाणेदार.

फावडं तिथंच टाकून ती धावली.

"थांबाडा!" ती लांबूनच ओरडली. "मोट थांबाडा!"

चाकाच्या कुरकुरीत हिलालला ऐकू गेलं नाही. तो धावेच्या तळाशी होता, बैल मागे सारण्याच्या बेतात. आणि चौथऱ्याच्या उजव्या अंगाला, भेगेच्या आत, विहिरीच्या कडेवर, हीराबाई बसली होती. तांब्यातली धार खाली सोडत होती.

"माँजी, उठा. आठून उठा आधी."

"थांब ग. पाणी घालू दे."

"काठ पडी ऱ्हायना, माँजी! तुमना पाया पडस मी, उठा!"

"काठ बारा वर्षांचा आहे. कुठे पडतो." म्हातारी हसली, खाली वाकली. "ये, बघ. भोकात हिरवं दिसतंय. फुटतोय ग तो."

ते शेवाळ होतं. यशोदेला धावत जाऊन तिला ओढावंसं वाटलं. पण भेगेपलीकडे आपण पाऊल टाकलं तर दोघींचं वजन तिथं पडेल, हे तिला कळत होतं. हिलालचा बैलांना मागे सारतानाचा आवाज ऐकू येऊ लागला. बैल पाठमोरे वर चढत होते.

"तो फुटाव नही," यशोदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी कापा त्याले. ज्येठमा. मीच उतरनू आनि मीच कापा. मुईमा हिंग भरा. तो मरना, माँजी. मीच मारा."

हीराबाईनं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग ती उठली. त्या वयाची बाई एवढ्या झपाट्यानं उठलेली यशोदेनं कधी पाहिली नव्हती. चार पावलांत ती भेग ओलांडून पुढे आली आणि हातातला पितळी तांब्या तिनं यशोदेच्या कपाळावर मारला. एकदा. दुसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा पाठीमागची जमीन गेली.

आवाज फार मोठा झाला नाही. पोतं फाटून धान्य सांडावं तसा झाला. कडेचा तुकडा हळूच खाली बसला, मग चौथरा कलंडला, चाक, लाकडं, दगड सगळं एकदम विहिरीत. डावा बैल धावेवरच गुडघ्यांवर आला. उजव्याचे मागचे पाय हवेत गेले. जुवाची दोरी ताणली, तुटली, आणि लाख्या नावाचा तो तांबडा बैल उलटा आत गेला. हिलाल बाजूला फेकला गेला होता. तो पोटावर सरपटत काठाकडे जाऊ लागला तेव्हा यशोदेनं त्याचे पाय धरले आणि सोडले नाहीत. खाली पाणी उसळत होतं. लाख्याचं एकच शिंग दोनदा वर आलं.

हीराबाईनं मागे वळून पाहिलंच नाही. ती यशोदेच्या पाठीवर मुठी मारत होती, आणि यशोदा हिलालचे पाय धरून तिथंच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सेठ आला. झिपरूलाही बोलावणं गेलं, आणि तो आला. उघड्या पडलेल्या मातीत पिंपळाच्या मुळाची वाट स्पष्ट दिसत होती. दगडांच्या मागून आडवी गेलेली मांडीएवढी नळी, आत नुसता काळा भुसा. झिपरूनं तो मुठीत घेऊन सेठला दाखवला.

"कापं ते बराबर," तो म्हणाला. "भरं नही, ते चुकनं. मुई व्हती तवलोंग दगड तरी धरी ऱ्हायनी व्हती."

घेवरचंद सेठनं यशोदेकडे पाहिलं. तिच्या कपाळाला हळदीची पट्टी होती. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगं व्हतं सेठजी," ती म्हणाली. "पौषमा. ओसरीवर."

सेठनं कोसळलेल्या काठाकडे पाहिलं. त्याची आई जिवंत होती ती या बाईच्या बोलण्यानं, हे त्याला कळत होतं. पण घरातून म्हातारीचा आवाज येत होता. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: तिनं माझा मुलगा दोनदा मारला.

"माँ तुझं तोंड बघणार नाही," सेठ शेवटी म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "गाडी देतो. सामान घेऊन जा." मग तो झिपरूकडे वळला आणि काहीतरी म्हणणार होता. झिपरू ते ऐकायला थांबला नाही. तो यशोदेजवळून जाताना क्षणभर उभा राहिला. तिनं हात जोडले. त्यानं ते पाहिले आणि निघून गेला. त्यानं माफ केलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही.

दसऱ्याला बागेतला झेंडू कुणी तोडला नाही. तो उभ्या उभ्या वाळला. पुढे हीराबाईला सेठनं जळगावला नेलं आणि विहीर तशीच राहिली, असं लोक सांगायचे.

यशोदा आणि हिलाल धुळ्याला गेले. यशोदेचा भाऊ सुपडू पांझरा नदीच्या वाळूत टरबूज-खरबूज लावायचा. पूर ओसरला की वाळूत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत भरायचं, बी टोचायचं. हिलाल हे काम शिकला, पण वाटेत आणि त्यानंतरही पंधरा-वीस दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. एकट्या राहिलेल्या बैलाला तो रोज नदीत धुवायचा आणि बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचा.

कार्तिकातल्या एका सकाळी दोघं समोरासमोर खड्डे घेत होती. हिलालनं खणणं थांबवलं.

"माले काब्र सांगं नही?"

यशोदेनं मान वर केली. कपाळावरची खूण अजून निळी होती.

"सांगं असतं, ते तुम्हीन मोट थांबाडी असती का?"

हिलाल उकिडवा बसला. तो खड्ड्यात पाहत राहिला. खालून पाणी झिरपत होतं आणि कडेची वाळू थोडी थोडी आत सरकत होती.

"नही," तो म्हणाला. "नसती थांबाडी. तुलेच हाकली देतू घरमाईन."

मग त्यानं खताची टोपली तिच्याकडे सरकवली, आणि ती मुठीमुठीनं खड्डा भरू लागली.